दोन्ही चाकांत टच्च हवा

दोन्ही चाकांत हवा टच्च असताना दादा सायकल हातात धरून का चालत होता?

हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ऊन लागलं." मी म्हणालो, "ते कळलं साहेब, पण चालत कामून होता?" त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. ज्या कंडक्टरनं त्याला शेवटचं पाहिलं, त्याला विचारलं. तो म्हणाला, "पुलावर चालत होता बाबा. मला वाटलं, पंक्चर आसंल." मायला विचारलं तर ती नुसती रडायला लागली. तिला परत विचारलं नाही.

उत्तर कुणीच दिलं नाही. किस्से मात्र प्रत्येकानं दिले! भेटायला आलेला माणूस आधी अर्धा तांब्या पाणी पितो (दुष्काळात पूर्ण तांब्या कोण मागणार?) आणि उठता उठता म्हणतो, "उत्तमचा एक किस्सा सांगू का?" मग परत बसतो. पंधरा दिवसांत एवढे किस्से जमले की घरात ठेवायला जागा नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण मनात ठेवले तर मी कुणाशी तरी भांडतो, हे मला माहीत आहे. म्हणून कागदावर ठेवतोय.

*

आधी आमची टोळी सांगतो. गाव रेणापूरच्या पुढं, काम लातुरात. सकाळची एसटी आमच्या कामाच्या वेळेला यायची नाही, म्हणून रोज सायकल. चौघं होतो. माझा दादा उत्तम, नव्या जिल्ह्याच्या एका ऑफिसात शिपाई. काशिनाथअप्पा, मार्केट यार्डात मापाडी. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि पोत्याला नुसता हात लावून वजन सांगणार. गफूरभाई, गाद्या भरणारे. आणि मी, संज्या, गवंड्याच्या हाताखाली.

रस्त्यात फाट्यावर एकच पंक्चरचं दुकान. दुष्काळ पडला तसं त्याच्या घमेल्यातलं पाणी काही बदललं नाही. ट्यूब बुडवून बुडवून ते शाईसारखं काळं झालं होतं, पण बुडबुडा दिसायचा, म्हणून तो ते जपायचा. वर गोणपाट झाकायचा. एक दिवस आम्ही अप्पांची सायकल घेऊन गेलो तर दुकान बंद, आणि हा बाहेर डोक्याला हात लावून बसलेला.

"काय झालं?"

"शेळीनं माझं दुकान पिलं!"

खरंच, घमेलं कोरडं. शेळी बाजूला उभी, तोंड काळं!

त्या दिवशी अप्पा म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं, मी येतो चालत." दादा सायकलीवरून उतरला. म्हणाला, "एकटा उशिरा गेला तर कामचुकार. चौघं उशिरा गेले तर रस्ता खराब." आणि चालायला लागला. तेव्हापासून नियमच झाला. एकाची पंक्चर, सगळे पायी. मागं कुणाचा टायर बसल्याचा आवाज आला की पुढचा मागं न बघता विचारायचा, "कोणाची?" ज्याची असेल त्यानं 'माझी' म्हणायचं नाही. म्हणायचं, "आपली."

*

गफूरभाईंच्या सायकलीला ब्रेक नव्हता. कधीच नव्हता. उतार लागला की ते उजव्या पायाची चप्पल पुढच्या चाकावर दाबायचे. फर्रर्र आवाज यायचा आणि रबर जळाल्याचा वास. अप्पा म्हणायचे, "भाई, एक दिवस पाय जाईल." ते म्हणायचे, "पाँव तो अल्ला का दिया है, ब्रेक दुकान में मिलता है. कौन महंगा?"

ईदला ते नवी चप्पल घालून आले. दादानं मिठी मारली, मग खाली बघितलं. "भाई, चप्पल झ्याक हाय!"

गफूरभाई म्हणाले, "चप्पल नहीं रे. कल नए ब्रेक डाल्या!"

*

जिल्हा नवा झाला तेव्हा ऑफिसं आली, इमारती नंतर येणार होत्या. दादाच्या ऑफिसची एक खोली एका गल्लीत, दुसरी दुसऱ्या गल्लीत, आणि बाकीचं सामान एका रिकाम्या गोदामात. फायली आणि शिक्के लोखंडी पेटीत घालून, पेटी कॅरिअरवर बांधून, इकडून तिकडं न्यायचं हे दादाचं काम.

एक नवे साहेब पुण्याकडून बदलून आले. दादा स्टँडवर घ्यायला गेला.

साहेब म्हणाले, "जीप कुठंय?"

"टँकरच्या मागं गेलीय साहेब, जळकोटकडं."

"बरं. मग ऑफिस कुठंय?"

दादानं कॅरिअरवर थाप मारली. "हे काय साहेब. मागं बांधलंय!"

साहेब हसले म्हणे, आणि पेटीच्या मागं मागं चालत आले. परवा तेच साहेब आमच्या घरी आले होते. फाट्यावर जीप उभी करून गावात चालत आले. हा किस्सा त्यांनीच सांगितला. सांगून झाल्यावर चष्मा पुसत बसले.

*

बोर्डाचा किस्सा ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितला. ऑफिसचा पत्र्याचा बोर्ड रंगवून तयार झाला, तो आणायला दादाला पाठवलं. दादा बोर्ड सायकलीला आडवा बांधून भर बाजारातून निघाला. दोन दिवस ऑफिस शोधत फिरणारी एक म्हातारी रस्त्यात होती. कुणीतरी तिला बोर्ड वाचून दाखवला. ती सायकलीला आडवीच झाली.

"ऑफिस कुठं पळवायलास रे? आदी माझा अर्ज घे!"

तिच्या गावाला टँकर येत नव्हता. दादा म्हणाला, "माय, मी शिपाई हाय." ती हँडल सोडेना. मग दादानं तिला कॅरिअरवर बसवलं, बोर्ड तिच्या मांडीवर उभा दिला, आणि स्वतः सायकल धरून चालत ऑफिसला आला. लोक बाजूला होऊन बघत होते. म्हातारी बोर्ड धरून ताठ बसलेली!

क्लार्क म्हणाला, "उत्तम, तुला बोर्ड आणायला पाठवलं होतं. ही कोण?"

दादा म्हणाला, "बोर्ड वाचून आली साहेब."

*

हा माझ्या डोळ्यांदेखतचा. उन्हाळा होता. आम्ही पुलाच्या अलीकडं होतो. मागून एक मोटार आली, हॉर्न वाजवत, आम्हाला पार खड्ड्यात घालून पुढं गेली. मी दगड उचलला. दादानं हात धरला म्हणून ती काच वाचली.

अर्ध्या कोसावर तीच मोटार उभी! बॉनेट उघडं, आतून वाफ. ड्रायव्हर हातात रिकामा डबा घेऊन चारी दिशांना बघतोय. नदीत तर नुसती वाळू. मी म्हणालो, "आता वाजव की हॉर्न!"

दादा उतरला. आम्ही प्रत्येकजण काचेची एक बाटली गोणपाटात गुंडाळून, ते भिजवून हँडलला बांधायचो. दिवसभराचं पाणी तेवढंच. दादानं आपली बाटली सोडली आणि रेडिएटरमध्ये ओतली. सगळी.

मी ओरडलो, "दादा, ती गाडी हाय, माणूस न्हाई!"

दादा म्हणाला, "आत माणूस बसलाय की."

मग संध्याकाळी घरी येईपर्यंत तो माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला. मी त्याला प्रत्येक घोटाला टोमणा मारला. आता मला ते सगळे टोमणे पाठ आहेत.

*

वहिनीनं तेराव्या दिवसापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, पाहुणे गेले. बायका भांडी घासत होत्या, राखेनं, कारण पाणी नव्हतं. तेव्हा वहिनी एकदम म्हणाली, "मी सांगू का एक?"

दादा तिला बघायला देगलूरकडं गेला तेव्हा मोठं माणूस म्हणून काशिनाथअप्पा सोबत होते. तिच्या मामानं विचारलं, "पोराकडं गाडी हाय का?"

अप्पा म्हणाले, "चार हायत. डायव्हरसकट!"

लग्न झालं. गावातले बैल चारा-छावणीला गेलेले, बैलगाडी मिळेना. फाट्यावर एसटीतून नवरी उतरली तर समोर चार सायकली! वहिनी म्हणाली, "मी मामाकडं बघितलं. मामा अप्पांकडं बघाय लागला. अप्पा आभाळाकडं."

ती दादाच्या कॅरिअरवर बसली. थोडं पुढं गेलं की गफूरभाईंचं मागचं चाक बसलं. सगळे उतरले. दादा तिला म्हणाला, "तू बस, मी ढकलतो." तिनं विचारलं, "पंक्चर कोणाची झाली?" त्यानं नियम सांगितला.

"मग मी पण उतरले," वहिनी म्हणाली. "हातभर बांगड्या, डोक्यावर पदर, न् एक कोस चालले. माय दारात ओवाळायला उभी होती. म्हणाली, का गं, चालत कामून आणली तुला? मी म्हणाले, आत्या, आपली पंक्चर झाली."

बायका हसल्या. वहिनीही हसली. मग पदर तोंडात धरून आत गेली.

*

आता माझा किस्सा. तो कुणी सांगितला नाही, कारण त्या दिवशी फक्त चौघंच होतो आणि बाकीचे दोघं चांगली माणसं आहेत.

मुकादमानं मला आदल्या दिवशी झापलं होतं. "उद्या उशीर झाला तर परवा येऊ नको." सकाळी निघालो आणि अर्ध्या वाटेत मागून फुस्स.

"कोणाची?" दादानं विचारलं.

"आपली," गफूरभाई म्हणाले. त्या महिन्यातली त्यांची तिसरी.

दादा उतरला. अप्पा उतरले. मी नाही उतरलो. मी म्हणालो, "आपली कामून? त्यांची हाय! टायर बदला म्हणावं की! तुम्हाला चालायचं तर चाला. मला न्हाई जमत."

आणि पायडल मारलं.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मागून एवढंच ओरडला, "संज्या, बाटली ऱ्हायली रं! बाटली घेऊन जा!" त्या दिवशी बाटल्या त्याच्या हँडलला होत्या. मला ऐकू आलं होतं. मी मागं बघितलं नाही.

त्या रात्री मी दादाशी बोललो नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी एकटाच निघालो. बाटली परत मागंच राहिली, घरी.

*

त्या दिवशी, म्हणजे दादा गेला त्याच दिवशी, कामावर स्लॅब होता. सगळं तयार, पण पाण्याचा टँकर आला नाही. अकरा वाजता मुकादम म्हणाला, "जावा घरी." दादाच्या ऑफिसवरून जाणं म्हणजे पाच मिनिटं. मी गेलो नाही. राग होता. सरळ गावाकडं निघालो आणि घरी येऊन झोपलो.

पुढचं लोकांनी सांगितलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत दादा माझी बाटली घेऊन माझ्या कामावर आला. मुकादम म्हणाला, "तो तर कवाच गेला." दादानं विचारलं, "पाणी पिऊन गेला का?" मुकादम म्हणाला, "मला काय ठाऊक?" मग दादा ऑफिसात सांगून तसाच सायकलीवर निघाला. ऊन असं की रस्त्याचं डांबर टायरला चिकटत होतं.

एसटी पुलावरून गेली तेव्हा कंडक्टरला तो दिसला. सायकल हातात, चालत.

पुलाच्या पलीकडं कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या खाली सायकल नीट स्टँडवर लावलेली होती आणि दादा बुडाशी टेकून बसलेला होता. गुराख्याला वाटलं, झोपलाय.

अप्पांनी सायकल आणली. मी आधी चाकं दाबून बघितली. पुढचं टच्च. मागचं टच्च. चेन जागेवर, पंप सायकलीच्या नळीला अडकवलेला. हँडलला दोन बाटल्या. त्याची रिकामी होती. माझी भरलेली होती. बूच काढलेलंही नव्हतं.

*

काल आम्ही परत कामाला निघालो. तिघं. माझी सायकल घरी ठेवली, दादाची घेतली. वहिनीनं हँडलला दोन्ही बाटल्या बांधल्या. एक ताजी भरलेली. दुसरी माझी, तशीच, बूच न काढलेली. एवढ्या दुष्काळात त्या बाटलीला घरात कुणी हात लावला नव्हता.

पुढं अप्पा, मग मी, मागं गफूरभाई. फाट्यावरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं. शेळी बांधलेली होती.

कडुलिंब लांबून दिसायला लागला तसं अप्पांनी पायडल जोरात मारायला सुरुवात केली. मला कळलं. त्यांना ते झाड लवकर मागं टाकायचं होतं. मला पण तेच पाहिजे होतं. आणि मी काय केलं ते मलाच नंतर कळलं. ब्रेक दाबला, उतरलो, वाकलो आणि मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह फिरवून उपसला. सगळी हवा एकदम बाहेर आली.

पुढं अप्पांची सायकल मंद झाली. त्यांनी मागं बघितलं नाही. सवयीनं विचारलं,

"कोणाची?"

माझ्या तोंडून 'आपली' निघेना. अप्पा वाट बघत होते.

"दादाची," मी म्हणालो.

मागं गफूरभाईंची चप्पल चाकावर घासली. फर्रर्र. ते उतरले. अप्पा उतरले. व्हॉल्व्ह माझ्या मुठीत होता, दोघांनी बघितला. पंप नळीला होता, तोही बघितला. कुणी काढला नाही. आम्ही झाडापर्यंत चालत गेलो.

झाडाखाली मी सायकल स्टँडवर लावली. माझी बाटली सोडली, बूच दातानं काढलं आणि आधी गफूरभाईंना दिली.

ते म्हणाले, "तू पी बेटा. तेरी है."

मी म्हणालो, "आपली हाय."

त्यांनी दोन्ही हातांनी धरून दोन घोट घेतले. मग अप्पांना दिली. अप्पा कुणाच्या बाटलीला तोंड लावत नाहीत, वरून पितात. काल त्यांनी तोंड लावलं. उरलेलं मी प्यायलो. पाणी गरम होतं.

मग व्हॉल्व्ह बसवला आणि दादाच्या पंपानं हवा भरली. मागचं चाक भरलं, पुढचंही दाबून बघितलं. टच्च. गफूरभाईंनी सायकलीवर टांग टाकली. अप्पांनी एक पाय पायडलवर ठेवला.

मी स्टँड काढलं, हँडल धरलं आणि चालायला लागलो.

थोड्या वेळानं मागं चप्पल घासल्याचा आवाज आला. मग दोन सायकली हातात धरून चालल्याचा. पुलावर आलो तेव्हा समोरून एसटी आली. कंडक्टर तोच. खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "काय रे बाबांनो, पंक्चर हाय का?"

एकाची पंक्चर, सगळे पायी. तशीच दादाची सायकल मी लातूरपर्यंत चालत नेली.